नसलेला काना

अण्णांचं बोट गेलं त्याच वर्षी मी चिंचवड स्टेशनजवळ उस्मानचाचांच्या दुकानात पाट्या रंगवायला जायला लागले. आम्ही तेव्हा रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीत अण्णांची खाट आणि आईचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत स्टोव्ह, मोरी आणि पाण्याचे हंडे. घरात घड्याळ होतं, पण आई त्याच्याकडे बघायची नाही. आजूबाजूच्या प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा होता आणि गावाकडे जशी गाईची हाक ओळखू येते तसे तिला ते ओळखू यायचे. एक जाडा होता, एक चिरका, आणि एक मध्येच आवंढा गिळल्यासारखा थांबून पुन्हा वाजणारा. "जाडा झाला, ऊठ," "चिरका व्हायच्या आत पाणी भर," असा आमचा दिवस चालायचा. सकाळी दोन्ही खोल्यांत बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास आणि येसराच्या आमटीचा ठसका भरलेला असे. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्यडाळींचं मसालेदार पीठ, बीडहून मामी पाठवायची, जुन्या लुगड्याच्या पुरचुंडीत बांधून, आणि ती पुरचुंडी सोडली की आई क्षणभर नुसती वास घेत उभी राहायची. आता मोशीत सहाव्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात येसराचं पाकीट दुकानातून येतं. आमटी चांगली होते, पण पाकीट फोडताना कुणी थांबत नाही.

अण्णा प्रेस शॉपमध्ये होते. म्हणजे पत्रा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून मशीन धाडकन खाली येणार आणि पत्र्याचा गाडीला लागणारा तुकडा होऊन बाहेर पडणार. दिवसभर तेच. एका सकाळी साच्यात तिरका बसलेला पत्रा ते बोटाने सरकवायला गेले आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. कंपनीने त्यांना बरं झाल्यावर स्टोअरमध्ये बसवलं, खिळे-बोल्ट मोजून द्यायला. जखम भरली, पण त्यानंतर आम्ही तो हात जवळजवळ पाहिलाच नाही. तो पँटच्या खिशात असायचा. जेवायला ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, कारण आमटीभात बोटांच्या फटीतून गळायचा आणि चमच्याने जेवणं त्यांना आजाऱ्यासारखं वाटायचं. काही दाखवायचं असलं तर हनुवटीने दाखवायचे. मला लहानपणी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, रस्त्यावरच्या पाट्यांवरून, एकेका अक्षराकडे बोट करून. त्यांना धड लिहिता येत नव्हतं, पण वाचायची हौस फार. ते सगळं त्या सकाळी बंद झालं. घरात आम्ही या विषयावर बोलत नव्हतो. आई फक्त भात थोडा घट्ट शिजवायला लागली.

उस्मानचाचांकडे मी गेले ती भांडायला. आमच्या शेजारच्या डेअरीची पाटी त्यांनी रंगवली होती आणि 'दूध' मधला ऊकार ऱ्हस्व काढला होता. मी वीस वर्षांची, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. दुकानात जाऊन म्हणाले, "चाचा, तुमचं दूध पातळ झालंय. दीर्घ पाहिजे." चाचा चिंचवड गावठाणातले, साठीला आलेले, पांढऱ्या दाढीवर कुठे ना कुठे हिरव्या नाहीतर लाल रंगाचा ठिपका असलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ब्रश पुढे केला आणि म्हणाले, "बेटा, चूक दिसते त्याला सुधारता पण यायला पाहिजे. घे." मी डेअरीसमोर स्टुलावर चढून ऊकार लांबवला. खाली उतरले तर ते म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा. उद्यापासून ये." आईने विरोध केला, मुलगी रस्त्यावर शिडीवर चढणार म्हणून. अण्णा खाटेवरून एवढंच म्हणाले, "जाऊ दे. अक्षरं हायेत, वाईट काय हाय त्यात?"

त्या काळात कंपन्यांची बोधचिन्हं हातानेच रंगवली जात. मुंबईतून नाहीतर पुण्यातून कुणा चित्रकाराने काढलेलं चिन्ह गुंडाळीत यायचं, वितीएवढ्या कागदावर, सोबत रंगांचे नमुने. ते आम्ही चौकटी आखून मोठं करायचो: कागदावर छोटे चौकोन, भिंतीवर मोठे चौकोन, आणि या चौकोनात जे आहे तेच त्या चौकोनात. चाचा या कामात कमालीचे कडक होते. दुकानाच्या पाटीवर ते स्वतःच्या मनाची वेलबुट्टी काढत, पण कंपनीच्या चिन्हात एक रेघ इकडची तिकडे झालेली खपवून घेत नसत. "हा कुणाचा तरी चेहरा आहे," म्हणायचे. "चेहऱ्यात आपण नाक बदलतो का?" मला मात्र ती चिन्हं तोवर कोरडी वाटायची. गोल, त्रिकोण, दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांत अडकवलेली. मला वाटायचं, मोठ्या कंपन्यांना चित्र कळत नाही, म्हणून त्या भूमितीवर भागवतात.

मग पाण्याचे पंप करणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. मोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची लांबलचक भिंत होती, समोर अजून ज्वारीची शेतं. चिन्ह अगदी साधं होतं: पंपाच्या आत पाणी फिरवणारी तीन वाकडी पाती, निळी, एका वर्तुळात. भिंत आधी पांढरी करून घेतली होती. आम्ही दोघांनी मिळून सकाळपासून चौकोन आखले आणि निळा रंग भरत गेलो. आठ फुटांचं वर्तुळ. त्याच्या इतक्या जवळ उभं राहिलं की काहीच कळत नाही, नुसता निळा रंग आणि त्याची कड. कड सांभाळायची, बस. दुपारी शेवटचं पातं भरून झालं. मला तहान लागली म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीवर गेले, पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि सहज मागे वळून पाहिलं.

भिंतीवर तीन मासे पोहत होते.

पांढरे, गुबगुबीत, एकाच्या शेपटीमागे दुसऱ्याचं तोंड, असे एकमेकांचा पाठलाग करत गोल फिरणारे तीन मासे. मी पेला तसाच धरून उभी राहिले. पाणी हनुवटीवरून खाली गळत होतं. ते मासे आम्ही रंगवलेच नव्हते. आम्ही फक्त पाती रंगवली होती. दोन पात्यांच्या मधली जागा नुसती भिंत होती, चुना होता. सकाळपासून ज्या पांढऱ्यावर रंग सांडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते, तो पांढरा रंगच खरं चित्र होता. "चाचा!" मी अशी काही ओरडले की टपरीवालाही बाहेर आला. चाचा शिडीवरून घाबरून उतरले, पळत रस्त्याच्या या बाजूला आले. मी भिंतीकडे हात केला. त्यांनी पाहिलं, डोळे बारीक केले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. आणि मग खांदे हलेपर्यंत हसायला लागले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी रंगाकडे बघत आलो. ज्यानं हे काढलं ना बेटा, तो काढताना हसत असणार. एवढी मोठी कंपनी, आणि तिच्या पोटात मासे सोडून दिले लेकानं." टपरीवाल्याला मासे दिसायला जरा वेळ लागला. दिसले तेव्हा तो म्हणाला, "आयला," आणि आम्हाला फुकट चहा दिला.

त्या दिवसापासून मी रस्त्याने चालेनाशी झाले; मी रस्ता वाचायला लागले. पिंपरीपासून भोसरीपर्यंत कंपन्यांच्या फाटकांवर जे काही लावलेलं होतं, ज्याच्या खालून मी आयुष्यभर गेले होते, ते सगळं माझ्याकडे डोळे मिचकावतंय असं वाटायचं. स्प्रिंगा करणाऱ्यांच्या नावातलं एक अक्षर इतरांपेक्षा वीतभर वर होतं, उसळी मारल्यासारखं. मी आजवर ते पाटी लावणाऱ्याची चूक समजत होते. कुलूपवाल्यांच्या चिन्हात किल्लीच्या भोकातून एक माणूस घरात शिरत होता. कुणीतरी, कुठेतरी, टेबलाशी बसून, लोखंड आणि तेल आणि हिशेब यांच्या मधोमध एक गंमत लपवून ठेवली होती आणि ती कुणाला दिसेल न दिसेल याची फिकीर न करता निघून गेला होता. मला त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल जे वाटायचं त्याला देवळात जे वाटतं त्याच्या जवळचंच नाव द्यावं लागेल. आज माझ्या नातीच्या संगणकावर असली चिन्हं क्षणात गरगर फिरतात, रंग बदलतात. मी कौतुकाने बघते. पण तो पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिलेली दुपार मला तिला कशी दाखवावी हे अजून समजलेलं नाही.

अण्णांच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. बबनकाका ती बातमी घेऊन आले. ते मोशीचे, अण्णांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारे, आणि अपघात झाला तेव्हा अण्णांचा हात स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेणारे. त्यांच्या हातात नोटीस होती: सुरक्षेवर पोस्टर काढा, कामगार आणि घरचे, कुणीही. "वैजू, तू काढ की," ते म्हणाले. "दरसाली त्येच लावत्यात. कवटी न् दोन हाडं. आमी त्याच्याखाली डबा खातो, कुणी वर बघत न्हाई." अण्णा खाटेवर होते. ते कूस बदलून भिंतीकडे वळले.

मी दोन दिवस नुसता विचार केला. 'हात सांभाळा' म्हणावं, तर ते कवटीच्याच जातीचं. तिसऱ्या दिवशी दुकानात 'बाबा' या शब्दाने सुरू होणारी एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होते. 'बा' चा काना ओढला, ब्रश वरून खाली आला आणि शिरोरेषेखाली तो लांबट, जाडसर, खालच्या टोकाला गोल झालेला काना लोंबत राहिला. मला तो बोटासारखा दिसला. पाटी तशीच टाकून मी मागच्या कागदावर लिहीत सुटले. कान्यांचे शब्द. पाच काने हवेत, हाताला बोटं पाच. आणि ते वाक्य मिळालं: बाबा, हात राखा. बा, बा, हा, रा, खा. मोजून पाच. अक्षरं काळी करायची आणि काने तेवढे कातडीच्या रंगाचे, टोकाला नखं काढलेले. शिरोरेषेखाली पाच बोटं लोंबणार, साच्यात हात घालताना लोंबतात तशी. आणि त्यातलं एक काढायचंच नाही. तर्जनीचं. तिथे जागा सोडायची.

घरी जाऊन मी अण्णांना म्हणाले, "मला तुमचा हात बघून काढायचाय. थोडा वेळ बसाल?"

"कशाला?"

"पोस्टरसाठी."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आई मशीनवरून म्हणाली, "कशाला इचारायलीस त्यांना? दुसरं काही काढ की. फूल काढ." मला राग आला होता, आणि रागापेक्षा शरम जास्त. मग मी स्वतःचाच हात कागदावर ठेवला, पेन्सिल भोवतीने फिरवली, कागद उलटा केला, म्हणजे बोटं खाली आली, आणि त्यावरून काने बेतले. अंगठा पहिला, 'बा' चा. तर्जनी दुसरी. म्हणून दुसऱ्या 'बा' चा काना मी काढला नाही. 'बाब' आणि पुढे कान्याएवढी रिकामी जागा, वर शिरोरेषा मात्र तशीच गेलेली. मधला स्वल्पविराम मी लाल केला होता, थेंबासारखा.

चाचांनी तो कागद दुकानाच्या दारात, उजेडात धरला. मग म्हणाले, "हा लाल काढून टाक. रक्त दाखवू नको. घाबरलेला माणूस मान फिरवतो, आणि मान फिरवली की पाय पेडलवर." कागद परत देत म्हणाले, "बाकी हात लावू नको कशाला. मासे सोडलेस तू यात." मी स्वल्पविराम काळा केला. ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. त्याहून मोठं बक्षीस मला नंतर कुठल्या मंचावर मिळालं नाही. आई पोस्टर पाहून म्हणाली, "तू त्यांना बाबा कधी म्हणालीस गं?" मी म्हणाले, "अण्णात काने पुरत नाहीत." तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, ते मला कळलं नाही.

बबनकाका पोस्टर घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला: साहेबांनी बोलावलंय. मी चाचांना बरोबर घेतलं. पर्सोनेल ऑफिसर सबनीस साहेब हे उंच, नीटनेटके, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारणारे गृहस्थ होते. केबिनच्या काचेतून खाली प्रेस शॉप दिसत होतं आणि प्रत्येक दणक्याला टेबलावरचा पेला किंचित किणकिणत होता. बबनकाका टोपी हातात धरून दाराशी उभे होते.

"चित्र चांगलं आहे," साहेब म्हणाले, "पण वाक्य चालणार नाही. हात राखून काम करणं म्हणजे काय, माहीत आहे ना? अंग चोरून काम करणं. मी हे भिंतीवर लावलं तर उद्या सगळा शॉप म्हणेल, साहेबांनीच हात राखायला सांगितलंय."

हा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझे कान तापले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझं मला बोलायचं होतं.

"साहेब," मी म्हणाले, "एकदा मोठ्याने वाचून दाखवाल?"

त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी कागद उचलला आणि स्वच्छ उच्चारात वाचलं, "बाबा, हात राखा."

"तुम्ही बाबा वाचलंत."

"मग? तेच लिहिलंय."

"नाही लिहिलेलं. दुसऱ्या बा ला काना नाहीये."

त्यांनी पुन्हा पाहिलं. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. आधी त्रासिक, मग गोंधळलेला, आणि मग त्यांचे डोळे पहिल्या कान्यावरच्या नखावर गेले, तिथून तिसऱ्यावर, चौथ्यावर, पाचव्यावर, आणि परत त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबले. खाली मशीन दणकलं. पेला किणकिणला. टेबलाच्या कडेवर टेकलेला त्यांचा हात त्यांनी नकळत मागे घेतला.

"कुणाचा हात आहे हा?" त्यांनी हळू विचारलं.

दारातून बबनकाका म्हणाले, "कुणाचाबी हाय सायेब. आमच्या शॉपात चार जणांचा हाय."

साहेब काचेपाशी जाऊन खाली बघत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "कँटीनमध्ये नको. म्हणजे तिथे लावाच, पण शॉपच्या भिंतीवर रंगवून घ्या. आत शिरताना समोर येते त्या भिंतीवर. मोठं. गुरुवारी मशीन बंद असतात, तेव्हा या."

पहिलं बक्षीस एका चारोळीला मिळालं, ज्यात 'सुरक्षा' आणि 'रक्षा' असं यमक होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वेगळीच धास्ती होती. पोस्टर कँटीनमध्ये लागलं होतं आणि अण्णा रोज तिथेच डबा खात होते. बबनकाका सांगून गेले, "येतोय त्यो वाचतोय, आन् मग आपल्या हाताकडं बघतोय. एक जण तर जेवता जेवता थांबला." अण्णांबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी अण्णा आले, हातपाय धुतले, भिंतीकडे तोंड करून जेवले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी त्यांना न विचारता त्यांची लपवलेली गोष्ट दोनशे माणसांच्या जेवणाच्या जागी टांगली होती, आणि माझं कौतुक होत होतं. रात्री पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं की गुरुवारी जाणार नाही. पण सकाळी चाचा दारात येऊन उभे राहिले, खांद्यावर शिडी, आणि मी ब्रशांची पिशवी उचलली.

बंद असलेलं प्रेस शॉप मी पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं ज्याचा दणका घरी बसून ऐकला ते सगळं गप्प उभं होतं, रांगेने, तेलकट, उंच. वरच्या जाळीतून ऊन तिरपं खाली येत होतं आणि आमच्या बोलण्याचा घुमारा उठत होता. चाचांनी सुताला निळी भुकटी चोळली, एक टोक मी धरलं, एक त्यांनी. सूत ताणून सोडलं आणि भिंतीवर बारा फुटांची शिरोरेषा उमटली. मी खडूने अक्षरं आखली, काने आखले. दुसऱ्या 'बा' पाशी जागा सोडली. काळा रंग भरायला ब्रश बुडवला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय काढायलीस?"

अण्णा होते. घरचा लेंगा, वर स्वेटर, हात खिशात. वॉचमनने ओळखीने आत सोडलं असणार. चाचांनी नुसती मान लववली आणि ते शिडीच्या मागे जाऊन रंग ढवळत बसले, ढवळायची गरज नसताना. अण्णा भिंतीसमोर आले. लांबून बघितलं, जवळ येऊन बघितलं. मी ब्रश हातात धरून उभी. ब्रशमधून रंगाचे थेंब माझ्या पायावर पडत होते.

"हा डावा हात हाय," ते म्हणाले.

मी भिंतीकडे पाहिलं.

"अंगठा कुठं दाखवलास? पहिला. मग हा डावा झाला की. माझा उजवा गेलाय."

आणि त्यांनी खिशातून हात काढला. भिंतीला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून ते उभे राहिले आणि हात त्यांनी शिरोरेषेखाली सरळ खाली सोडला, हाताची पाठ माझ्याकडे करून. मी पाहिलं. करंगळी पहिली आली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग ती जागा, आणि अंगठा सगळ्यात शेवटी, उजवीकडे. मी उजव्या हातात पेन्सिल धरून माझा डावा हात गिरवला होता. इतके दिवस, इतक्या लोकांनी पाहिलं, कुणालाच ते दिसलं नव्हतं.

मी ओला फडका घेतला आणि सगळे काने पुसून टाकले. पुन्हा आखायला लागले, या वेळी त्यांच्या हाताकडे बघत. पहिला 'बा', करंगळी, आखूड. दुसरा 'बा', पुरा. 'हा', सगळ्यात लांब. मग 'रा' आला आणि माझा खडू थांबला. काना आता इथे काढायचा नव्हता. 'र', मोकळी जागा, 'खा'. शेवटचा काना अंगठ्याचा, जाड. मी दोन पावलं मागे सरले. अण्णांनीही मान वळवून, भिंतीला चिकटूनच, ते वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत, ते नेहमी वाचायचे तसं.

"आता बाबा पुरा झाला बघ," ते म्हणाले. "राखायचं तेवढं राहून गेलं व्हतं." आणि ते हसले. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं, त्या रिकाम्या शॉपमध्ये ते हसणं सगळीकडून परत आलं. शिडीमागे चाचांचं ढवळणं थांबलं.

"हात मागे घ्या आता अण्णा, अवघडेल," मी म्हणाले.

"अवघडू दे. तू रंगव."

काळी अक्षरं चाचांनी भरायला घेतली आणि मी बोटांचा रंग कालवायला बसले. पिवळा, त्यात गेरू, थोडा पांढरा, सुईच्या टोकाएवढा काळा. दर वेळी डबीतला रंग मी त्यांच्या हाताजवळ नेऊन ताडून पाहत होते आणि दर वेळी तो हात नव्हता. कधी फार गुलाबी, कधी मातीसारखा. अण्णा वरून बघत होते. चौथ्या खेपेला ते वैतागले आणि त्यांनी हातच माझ्यापुढे धरला, पालथा, ती जागा माझ्या डोळ्यांसमोर, इतक्या जवळ.

"असा अंदाज काय बघत बसलीस? लाव इथंच. जुळतोय का ते तरी कळंल."

मी ब्रश त्यांच्या हाताच्या पाठीवर टेकवला आणि एक लहानशी रेघ ओढली. आम्ही दोघं खाली वाकून बघायला लागलो. रंग कुठे लागला होता, ते दिसत नव्हतं.